व्हिएतनामी विद्यार्थ्यांचा प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: नव्याने शिकवू लागलेल्या मराठी शिक्षकांसाठी

इंटरनेटवरून इंग्रजी शिकवताना ज्यांच्या वर्गात हनोई, दा नांग किंवा हो ची मिन्ह शहरातील विद्यार्थी पहिल्यांदाच येत आहेत, अशा मराठी शिक्षकांसाठी हा लेख आहे. वेळेच्या दृष्टीने ही शिकवणी सोयीची असते. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे त्यांच्या रात्री आठच्या वर्गासाठी आपल्याला संध्याकाळी साडेसहाला बसावे लागते. अडचण येते ती विद्यार्थ्याच्या मागणीची. मध्यम पातळी ओलांडलेला, आयेल्ट्स परीक्षेत साडेपाच किंवा सहा गुणश्रेणी मिळवलेला हा विद्यार्थी पहिल्याच तासाला ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ हवी असे सांगतो, आणि त्याच्या मनात त्याचा अर्थ असतो लांबलचक, क्वचित भेटणारे शब्द. नवखा शिक्षक ती मागणी शब्दशः मानतो आणि याद्या पाठवू लागतो. माझे मत असे आहे की या विद्यार्थ्याला नव्या अर्थांची गरज कमी आणि ओळखीच्या शब्दांची रूपे, त्यांचे सोबती (म्हणजे त्यांच्याबरोबर नेहमी येणारे शब्द) व त्यांचा उच्चार यांची गरज अधिक असते. पुढील सर्व पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

आधी विद्यार्थ्याची भाषा थोडी समजून घ्या

व्हिएतनामी बोलता यायला हवी असे नाही, परंतु तिची चार-पाच वैशिष्ट्ये ठाऊक नसतील तर विद्यार्थ्याच्या चुका अडाणीपणाच्या वाटतात आणि प्रत्यक्षात त्या तशा नसतात. ही भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातील आहे. आपल्या मेळघाटातील कोरकू ही तिची दूरची नातलग, पण हजारो वर्षांच्या अंतराने हे नाते आता फक्त भाषाशास्त्रज्ञांनाच दिसते. व्हिएतनामी शब्दाला व्याकरणाचे प्रत्यय लागत नाहीत. काळ, वचन, लिंग यांपैकी कशासाठीही शब्दाचे रूप बदलत नाही, त्याऐवजी स्वतंत्र शब्द शेजारी येऊन बसतात. उत्तरेकडील बोलीत सहा सूर आहेत, आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. या लेखात व्हिएतनामी शब्द हनोईच्या उच्चाराच्या जवळपास देवनागरीत लिहिले आहेत. सूर दाखवण्याची सोय आपल्या लिपीत नाही, म्हणून विद्यार्थ्यासमोर ते वाचून दाखवण्याचे धाडस करू नये.

लिपी मात्र रोमन आहे. युरोपीय जेझुइट धर्मप्रसारकांनी सतराव्या शतकात ती घडवली आणि त्या लिपीतील आलेक्सांद्र द रोद यांचा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले ते १६१६ मध्ये, म्हणजे साधारण त्याच काळात. आपल्याकडे ती लिपी रुजली नाही, तिकडे ती राष्ट्राची लिपी झाली. शिक्षकाच्या दृष्टीने याचा परिणाम दुहेरी आहे. विद्यार्थ्याला अक्षरांची भीती नसते, पण अनोळखी इंग्रजी शब्द तो आपल्या लिपीच्या नियमांनी वाचतो. शिवाय व्हिएतनामीत प्रत्येक अक्षरघटक, म्हणजे सिलॅबल, सुटा लिहिला जातो, म्हणून लांब इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडण्याची सवय त्याला उपजतच असते. ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

संबोधनाबद्दल एक सूचना. विद्यार्थी आपल्याला नावाने किंवा ‘सर’ म्हणून हाक न मारता नुसते ‘टीचर’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत शिक्षकाला ‘थय’ व शिक्षिकेला ‘को’ म्हणतात आणि तो स्वतःला ‘एम’, म्हणजे धाकटे भावंड, म्हणवतो. या आदरापोटीच तो ‘समजले नाही’ असे सहसा म्हणत नाही. ‘समजले का?’ या प्रश्नाला होकारच मिळेल. त्यामुळे हा प्रश्न सोडून द्यावा आणि प्रत्येक वेळी शब्द वापरून वाक्य करायला सांगावे.

पहिली पायरी: शब्द नव्हे, शब्दकुळे

‘थान्ह कोंग’ हा एकच व्हिएतनामी शब्द घ्या. यश, यशस्वी होणे आणि यशस्वी हे तिन्ही अर्थ तो रूप न बदलता पेलतो. इंग्रजीत त्यासाठी सक्सेस, सक्सीड आणि सक्सेसफुल असे तीन शब्द आहेत, वर सक्सेसफुली हे क्रियाविशेषण. एकाच मुळाच्या अशा रूपांचा गट म्हणजे शब्दकूळ. विद्यार्थ्याने शाळेत ‘सक्सेस म्हणजे थान्ह कोंग’ असे पाठ केलेले असते, आणि म्हणून ‘ही इज व्हेरी सक्सेस’ हे वाक्य त्याच्या कानाला मुळीच खटकत नाही. आपण ‘यश’ आणि ‘यशस्वी’ यांतील फरक आईच्या भाषेतच शिकलेलो असल्यामुळे यात शिकवण्यासारखे काही आहे हेच मराठी शिक्षकाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे एकही नवा शब्द देऊ नये. विद्यार्थ्याला येणाऱ्या शब्दांपैकी चाळीसेक शब्द निवडावेत आणि प्रत्येकाचे नाम, क्रियापद, विशेषण व क्रियाविशेषण त्याच्याकडूनच भरून घ्यावे. डिसाइड, कॉम्पीट, अ‍ॅनलाइझ, बेनिफिट, थ्रेट, अवेअर असे साधे शब्द पुरतात. जिथे एखादे रूप अस्तित्वातच नाही तिथे रिकामी जागा ठेवावी, कारण नसलेले रूप ओळखणे हेही ज्ञानच आहे. नंतर उलट दिशेने जावे: अर्थ तोच ठेवून वाक्यातील क्रियापदाचे नाम करून वाक्य पुन्हा लिहायला सांगावे. ‘प्रायसेस रोझ शार्पली’ याचे ‘देअर वॉज अ शार्प राइज इन प्रायसेस’ करताना विद्यार्थ्याला तीन ठिकाणी थांबावे लागते, आणि त्याचे खरे शिकणे त्या तीन थांब्यांवर होते.

येथे त्याच्या भाषेतील एक आधार कामी येतो. चालू क्रिया दाखवण्यासाठी व्हिएतनामीत क्रियापदाआधी ‘दांग’ येतो. विकसनशील देशांना ते ‘नुओक दांग फात चिएन’ म्हणतात, म्हणजे विकास होत असलेले देश. डेव्हलपिंग आणि डेव्हलप्ड यांतील फरक त्याला या ‘दांग’वरून एका मिनिटात पटतो, आणि मग बोअरिंग व बोअर्ड, कन्फ्यूझिंग व कन्फ्यूझ्ड या जोड्यांकडे वळता येते. तिथे हा आधार अपुरा पडतो हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

दुसरी पायरी: हान विएत शब्दांची किल्ली

ही पायरी सर्वांत फलदायी आहे, आणि मराठी शिक्षक ती इतर कोणाहीपेक्षा चांगली शिकवू शकतो. व्हिएतनामीतील औपचारिक, शास्त्रीय व प्रशासकीय शब्दांचा मोठा भाग चिनी मूळ असलेल्या घटकांपासून बनलेला आहे. त्या शब्दांना ‘हान विएत’ म्हणतात. आपल्याकडे संस्कृत तत्सम शब्दांचे जे स्थान आहे तेच तिकडे यांचे. आपण जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र म्हणतो, ते सिन्ह हॉक, तम ली हॉक, सा होइ हॉक म्हणतात. आपले आधुनिकीकरण, औद्योगिकीकरण, जागतिकीकरण म्हणजे त्यांचे हिएन दाइ ह्वा, कोंग ङिएप ह्वा, त्वान कउ ह्वा. ‘हॉक’ हा आपला ‘शास्त्र’ आणि ‘ह्वा’ हा आपला ‘करण’.

विद्यार्थ्याला हे घटक बोलता-वाचता येतात, परंतु इंग्रजीतही शब्द असेच घटकांनी बनतात हे त्याला बहुधा कोणी दाखवलेले नसते. फळ्यावर एका बाजूला ‘ह्वा’ असलेले सहा व्हिएतनामी शब्द त्यालाच लिहू द्यावेत, समोर त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द लिहावेत आणि शेवटचा ‘आइझ’ त्याला स्वतःला सापडू द्यावा. सापडला की तो मॉडर्नाइझ, इंडस्ट्रियलाइझ, ग्लोबलाइझ यांच्या जोडीला अर्बनाइझ आणि डिजिटाइझ आपणहून आणतो. ‘दा’ म्हणजे बहु, त्यावरून मल्टिनॅशनल. ‘ताइ’ म्हणजे पुन्हा, त्यावरून रिसायकल. ‘फी’ म्हणजे अ-, त्यावरून नॉनप्रॉफिट.

नकाराच्या बाबतीत सावध राहावे. ‘बत’ हा एकच घटक व्हिएतनामीत पुष्कळ ठिकाणी चालतो, तर इंग्रजी प्रत्येक शब्दाला वेगळा उपसर्ग लावते: बत होप फाप म्हणजे इललीगल, बत तिएन म्हणजे इनकन्व्हीनियंट, बत थुओंग म्हणजे अनयूज्युअल, आणि बत दोंग म्हणजे डिसअ‍ॅग्रीमेंट. अर्थाचा नकार विद्यार्थ्याला ताबडतोब कळतो, पण कोणता उपसर्ग लावायचा हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. असे शब्द गटाने द्यावेत, सुटे देऊ नयेत.

हान विएतमुळे आणखी एक गोष्ट सोपी होते, ती म्हणजे भाषेचा औपचारिकपणा. साध्या बोलण्यात ‘चेत’ म्हणजे मरणे, पण शोकवार्तेत ‘तू चन’ येतो. आपल्याकडेही बातमीत माणूस मरत नाही, त्याचे निधन होते. स्टार्ट आणि कमेन्स, हेल्प आणि असिस्ट, बाय आणि पर्चेस यांमधील अंतर या मार्गाने समजावले तर विद्यार्थी मित्राशी बोलताना ‘आय कमेन्स्ड माय डिनर’ म्हणणार नाही. प्रगत शब्दसंग्रहाच्या नावाखाली असली वाक्ये आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत सर्रास ऐकू येतात. तिथे आणि लेखनात शब्दसंपदा हा चार समान निकषांपैकी एक आहे. गुण शब्दाच्या लांबीला नसून नेमकेपणाला व सहजतेला असतात, हे विद्यार्थ्याला अधिकृत निकषपत्र दाखवूनच पटवावे.

तिसरी पायरी: शब्दांचे सोबती

व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या निबंधांत सरकारने लोकांची जाणीव वाढवावी, म्हणजे ‘रेझ अवेअरनेस’ करावे, हा उपाय प्रदूषणापासून वाहतुकीपर्यंत प्रत्येक प्रश्नावर सुचवलेला आढळतो. त्यामागे ‘नंग काओ’ हे क्रियापद आहे, शब्दशः उंच उचलणे. व्हिएतनामीत जाणीव, गुणवत्ता, राहणीमान, कौशल्य आणि प्रतिष्ठा या सगळ्यांना तेच क्रियापद चालते. इंग्रजीत अवेअरनेस रेझ करतात, क्वालिटी इम्प्रूव्ह करतात, स्किल्स होन करतात, रेप्युटेशन एन्हान्स करतात. यापैकी राहणीमानापुरते रेझ आणि इम्प्रूव्ह दोन्ही चालतात.

याचा धडा असा घ्यावा. कागदाच्या मध्यभागी विद्यार्थ्याला ‘नंग काओ’ लिहू द्यावे. त्याच्याभोवती त्या क्रियापदाबरोबर तो रोज वापरतो अशी आठ व्हिएतनामी नामे त्यानेच लिहावीत आणि प्रत्येकाचा इंग्रजी अर्थ द्यावा. मग स्केल नावाच्या मोफत संकेतस्थळावर एकेक इंग्रजी नाम टाकून त्याआधी कोणती क्रियापदे येतात ते त्याने स्वतः पाहावे आणि दोन-दोन निवडावीत. शिक्षकाने या वेळी गप्प बसावे. तासाच्या शेवटी त्या कागदावर एका व्हिएतनामी क्रियापदातून फुटलेली सात-आठ इंग्रजी क्रियापदे असतात, आणि ती त्याने स्वतः शोधलेली असल्यामुळे टिकतात. याच पद्धतीने पुढच्या आठवड्यांत सहभागी होणे, करणे, आणि वाढणे यांसाठीचे शब्द घ्यावेत. वाढण्यासाठी व्हिएतनामी ‘तंग लेन’ म्हणते, ज्यात ‘लेन’ म्हणजे वर. म्हणूनच ‘इन्क्रीझ अप’ हा प्रयोग वारंवार येतो.

काही चुका बोलीतून सरळ उचललेल्या असतात आणि एकदा सांगितल्या की सुटतात. औषध तिकडे पितात, गोळी असली तरी, म्हणून ‘ड्रिंक मेडिसिन’. दार उघडणे आणि दिवा लावणे यांना दक्षिणेकडील बोलीत एकच क्रियापद, म्हणून ‘ओपन द लाइट’. मोठी माणसेही मित्रांबरोबर ‘प्ले’ करतात, कारण फिरायला किंवा भेटायला जाण्यासाठीचा त्यांचा शब्द मुळात खेळण्याचा आहे. ‘डिस्कस अबाउट’ त्यांच्याकडे आहे तसेच आपल्याकडेही आहे, तेव्हा ही चूक सुधारताना शिक्षकाने आधी आपली जीभ तपासावी.

गणनीय आणि अगणनीय नामांचा प्रश्न याच पायरीत घ्यावा. ‘इन्फर्मेशन्स’, ‘नॉलेजेस’, ‘अ रिसर्च’ ही रूपे या विद्यार्थ्यांच्या लेखनात ठाण मांडून बसलेली असतात. नियम सांगून फारसे साधत नाही. एक्स्पिरियन्स या शब्दापुरता मात्र त्यांच्याच भाषेत नामी उपाय आहे. कामातून साठत गेलेला अनुभव म्हणजे ‘किन्ह ङिएम’, आणि एखादा घेतलेला, जगलेला अनुभव म्हणजे ‘चाइ ङिएम’. पहिला इंग्रजीत अगणनीय, दुसरा गणनीय. हा फरक दाखवला की ‘आय हॅव टेन इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स’ आणि ‘इट वॉज अ स्ट्रेंज एक्स्पिरियन्स’ ही दोन्ही वाक्ये कायमची जागेवर बसतात.

चौथी पायरी: जो ऐकू येत नाही तो शब्द राहत नाही

व्हिएतनामी अक्षरघटकाच्या शेवटी प, त, क यांसारखे अर्धवट दाबलेले स्पर्श, म, न, ङ हे अनुनासिक किंवा स्वर एवढेच येऊ शकते. शेवटी स, झ, फ, व्ह, ल येत नाहीत आणि जोडव्यंजने तर नाहीतच. त्यामुळे प्राइस, प्राइझ आणि प्राइड हे तीन शब्द विद्यार्थ्याच्या तोंडून जवळजवळ सारखेच निघतात, स्कूलमधील ल पुष्कळांच्या तोंडी न होतो, आणि डेव्हलप्डमधील शेवटचा त गळून पडतो. हा केवळ उच्चाराचा विषय समजून बाजूला ठेवू नये. शब्दाचे कूळ शेवटच्या ध्वनीत दडलेले असल्यामुळे तो ध्वनी गेला की पहिल्या पायरीवर कमावलेली सगळी रूपे एक होऊन जातात. प्रत्येक नवा शब्द तीनदा मोठ्याने म्हणून घ्यावा आणि शेवटच्या व्यंजनावर मुद्दाम थांबायला लावावे.

आघाताचे तसेच. इकॉनमीत आघात दुसऱ्या अक्षरावर, इकनॉमिकमध्ये तिसऱ्यावर. फोटोग्राफ, फोटॉग्रफर, फोटोग्रॅफिक यांत तो पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकतो. सुरांच्या भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला आघाताचे अक्षर उंच स्वरात म्हणणे सहज जमते, परंतु उरलेली अक्षरे आखडून घेणे जमत नाही. ते मराठी माणसालाही जमत नाही. शिवाय आपल्या जिभेवर मूर्धन्य ट-ड असतात, आणि व्हेस्ट व वेस्ट यांत आपण फरक करत नाही. म्हणून उच्चाराचा नमुना म्हणून स्वतःचा आवाज न देता चांगल्या ऑनलाइन शब्दकोशातील ध्वनिफीत द्यावी. त्याचप्रमाणे शंकेला ‘डाऊट’ म्हणणे, ‘प्रीपोन’ आणि ‘डू द नीडफुल’ ही भारतीय इंग्रजी वर्गाबाहेर ठेवावी. विद्यार्थी ती निष्ठेने टिपून ठेवतो.

पाचवी पायरी: शब्दपत्रे आणि उजळणी

शब्दसंग्रहाच्या अभ्यासक अ‍ॅवरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार केलेली शैक्षणिक शब्दसूची या पातळीवर योग्य आहे. तीत ५७० शब्दकुळे असून शैक्षणिक मजकुरातील सुमारे एक दशांश शब्द त्यांतून येतात. आठवड्याला २० कुळे घेतली तर यादी सात महिन्यांत संपते. यापेक्षा वेग वाढवू नये, विद्यार्थी कितीही उत्साही असला तरी. अनेकांनी दिवसाला पन्नास शब्दांचे संकल्प आधी केलेले आणि मोडलेले असतात.

उजळणीसाठी आंकी हे शब्दपत्रांचे (फ्लॅशकार्डांचे) साधन पुरेसे आहे. ते संगणकावर व अँड्रॉइडवर मोफत मिळते, आयफोनवर मात्र पैसे पडतात. विद्यार्थी स्वतः पत्रे बनवतो तेव्हा पुढे इंग्रजी शब्द आणि मागे व्हिएतनामी अर्थ लिहितो. अशा पत्राने तो शब्द ओळखू लागतो, वापरू लागत नाही. त्याऐवजी कॉन्ट्रिब्यूटचे पत्र असे असावे: पुढच्या बाजूला ‘टूरिझम मेक्स अ सिग्निफिकंट डॅश टू द लोकल इकॉनमी’ हे वाक्य आणि रिकाम्या जागेपाशी फक्त ‘क’ हे आद्याक्षर. मागे कॉन्ट्रिब्यूशन, त्याखाली ‘मेक’ व ‘टू’ हे दोन सोबती ठळक, कुळातील इतर रूपे, आघाताचे अक्षर आणि ध्वनिफीत. व्हिएतनामी अर्थ सर्वांत खाली बारीक अक्षरात लिहावा. तो काढून टाकण्याचा हट्ट मला अनावश्यक वाटतो.

सहावी पायरी: एकाच विषयावर वाचन

याद्यांनी सगळे होत नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराविना वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, आणि एवढी कोणी शिकवून येत नाहीत. ती वाचनातूनच यावी लागतात. या पातळीवर विखुरलेल्या वाचनापेक्षा महिनाभर एकच विषय धरणे चांगले, आणि तो विद्यार्थ्याच्या भवतालचा असावा. दाक लाक प्रांताच्या विद्यार्थ्याला कॉफीवरचे इंग्रजी लेख द्यावेत. व्हिएतनाम हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक असल्यामुळे लेखांची वाण पडत नाही. यील्ड, ड्राउट, स्मॉलहोल्डर, फ्लक्च्युएट हे शब्द चौथ्या लेखात पाचव्यांदा भेटतात तेव्हा शब्दकोशाची गरज उरत नाही. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील विद्यार्थ्यासाठी तिथल्या शेतात शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचा विषय तितकाच समृद्ध आहे.

वर्णनात्मक लेखनाला वेळ उरला तर एक छोटा विषय अवश्य घ्यावा. व्हिएतनामीत ‘तू लाय’ म्हणजे अभ्यस्त शब्दांची रेलचेल आहे: लाप लान्ह, लुंग लिन्ह, लाँग लान्ह, सगळे चकाकण्याच्या वेगवेगळ्या छटांचे. आपल्याकडील झगमग, लखलख, चमचम हे त्यांचेच भाऊबंद. त्यांच्या समोर ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिंट ठेवले की विद्यार्थी छटांवरून हिरिरीने वाद घालतो.

गृहपाठ झालोवर मागवावा, कारण तिकडे बहुतेकांचा संपर्क त्याच संदेशसेवेवर असतो. दर चौथ्या आठवड्याला विद्यार्थ्याकडून २५० शब्दांचा निबंध लिहून घ्यावा आणि त्यात शिकवलेली किती रूपे न सांगता, बरोबर सोबत्यासह आली ते मोजावे. दहा आली तरी महिना चांगला गेला असे समजावे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत तेतचे नववर्ष येते, आणि त्या सुमारास आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वर्ग होत नाहीत. त्याआधीच्या आठवड्यात नवी कुळे देऊ नयेत. सुट्टीनंतर आंकीत साचलेली पत्रे रोज ठरावीक संख्येने उपसून घ्यावीत, आणि ती संपेपर्यंत नवे काही सुरू करू नये.